जोडीदाराला हर्पिस आहे, मग मला धोका किती?

१९९२ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १४४ जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला जननेंद्रियांचा हर्पिस होता आणि अधूनमधून फोड येत होते. दुसऱ्याला लागण झालेली नव्हती. डॉ. ग्रेगरी मर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडप्यांवर साधारण अकरा महिने लक्ष ठेवलं. तेवढ्या काळात १४ जणांना जोडीदाराकडून लागण झाली. शंभरातल्या जवळपास दहांना. उरलेल्या नव्वदांना, त्याच माणसाबरोबर संसार करूनही, झाली नाही.

हा आकडा सुरुवातीलाच द्यायचं कारण आहे. या आजाराचं नाव निघालं की माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतो, आता सगळं संपलं, यापुढे जवळ येणंच नको. दुसरा म्हणतो, आत्ता फोड नाहीत ना, मग काळजी कसली! पहिल्या समजापायी चांगली नाती तुटतात. दुसऱ्यापायी आजार पसरतो.

मर्ट्झ यांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या आणि त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पहिली गोष्ट स्त्री-पुरुषांमधल्या फरकाची. ज्या ६५ जोडप्यांत पुरुष बाधित होता, तिथे ११ स्त्रियांना लागण झाली, म्हणजे जवळपास १७ टक्के. ज्या ७९ जोडप्यांत स्त्री बाधित होती, तिथे फक्त ३ पुरुषांना झाली, चार टक्क्यांहूनही कमी. स्त्रीच्या योनिमार्गाचं आणि बाह्य भागाचं ओलं, नाजूक अस्तर पुरुषाच्या शिश्नावरच्या त्वचेपेक्षा क्षेत्रफळानं बरंच मोठं असतं. घर्षणानं त्याला बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि विषाणूला तेवढं दार पुरतं. आपल्याकडे लग्नाच्या नात्यात ‘नको’ म्हणायचा अधिकार बाईला मुळातच कमी मिळतो. त्यात शरीराच्या रचनेनंही धोका तिच्याच पदरात जास्त टाकलेला आहे, हे डॉक्टरांनी आणि नवऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लागण नेमकी कधी झाली असावी, हे १३ जोडप्यांच्या बाबतीत तपासता आलं. त्यातल्या ९ जोडप्यांत संबंधाच्या वेळी बाधित जोडीदाराला कसलंही लक्षण नव्हतं. फोड नाही, खाज नाही, काही नाही. उरलेल्या चौघांतही उघडा फोड समोर दिसत असताना कुणी पुढे गेलं नव्हतं. संबंधानंतर काही तासांतच लक्षणं दिसायला लागली होती. ‘फोड असतील तेव्हा टाळू’ एवढा एकच नियम पाळणाऱ्या जोडप्याला तो नियम का पुरत नाही, हे या तेरा जोडप्यांनी दाखवून दिलं.

असं का होतं, ते विषाणूच्या राहणीत आहे. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार. पहिला प्रकार बहुधा तोंडाशी राहतो; ताप येऊन गेल्यावर ओठांच्या कडेला बारीक फोडांचा जो पुंजका उठतो, तो याचाच. दुसरा प्रकार जननेंद्रियांशी राहतो आणि मुख्यतः शरीरसंबंधातूनच पसरतो. त्वचेतून आत शिरला की विषाणू तिथल्या मज्जातंतूच्या टोकात घुसतो आणि तंतूच्या आतून वर चढत पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या जवळ असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात जाऊन बसतो. जमिनीत दडलेल्या कंदासारखा तो तिथे जन्मभर राहतो. वरचं पान सुकलं म्हणजे कंद मेला असं नसतं. मधूनमधून तो जागा होतो, त्याच तंतूतून खाली येतो आणि त्वचेवर पोचतो. कधी फोड उठतो. पण त्वचेत पहारा देणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी अनेकदा त्याला काही तासांतच आवरतात. फोड येतच नाही, माणसाला काही जाणवत नाही, मात्र तेवढ्या तासांत त्वचेवर विषाणू असतो.

हे किती वेळा घडतं? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची बाधा असलेल्या ४९८ लोकांना रोज स्वतःच स्वॅब घ्यायला सांगितलं आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘जामा’ या नियतकालिकात मांडले. ज्यांना पूर्वी फोड येऊन गेले होते, त्यांच्या बाबतीत सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधीच लक्षण जाणवलं नव्हतं, फक्त रक्ततपासणीत बाधा कळली होती, त्यांच्या बाबतीतही सुमारे १० टक्के दिवशी सापडला. ही दुसरी मंडळी बहुसंख्य आहेत. अमेरिकेत दुसऱ्या प्रकाराची बाधा असलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांना डॉक्टरांनी कधीच ‘तुम्हाला हर्पिस आहे’ असं सांगितलेलं नसतं. त्यांना ठाऊकच नसतं, मग ते सांगणार तरी काय? जगात हा आजार असा पसरतो. खोटेपणापेक्षा नकळत पसरण्याचा त्यातला वाटा मोठा आहे.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण आपल्याकडे तो फार आहे. कमरेवर किंवा छातीवर एका बाजूला पट्ट्यानं फोड येतात, आग होते, त्याला आपण नागीण म्हणतो. डॉक्टर तिला हर्पिस झोस्टर म्हणतात. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, पण आजार वेगळे. नागीण शरीरसंबंधातून लागत नाही. चिठ्ठीवर ‘हर्पिस’ हा शब्द वाचून एखाद्या साठीच्या आजोबांकडे घरानं संशयानं पाहावं, हे निव्वळ अज्ञान आहे. आणि याच्या उलट, जननेंद्रियांवर फोड आल्यावर ‘नागीण असेल’ म्हणून गेरू लावत बसणं हे त्याहून घातक.

एका वेळच्या संबंधातला धोका किती, हा प्रश्न लोकांना हमखास पडतो. डॉ. ॲना वाल्ड यांनी ५२८ जोडप्यांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये त्याचं उत्तर काढलं. या जोडप्यांना कंडोम वापरण्याचा आणि फोड असताना संबंध टाळण्याचा सल्ला दिलेला होता. दर दहा हजार संबंधांमागे स्त्रियांमध्ये सुमारे नऊ लागणी झाल्या, पुरुषांमध्ये सुमारे दीड. आकडा इतका लहान दिसतो की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. संसार एका रात्रीचा नसतो. शिवाय धोका सगळ्या दिवशी सारखा वाटलेला नसतो. विषाणू त्वचेवर असेल त्या दिवशी तो कितीतरी जास्त, नसेल त्या दिवशी जवळपास शून्य. ते दिवस कोणते, हे मात्र बाहेरून कळत नाही. बाधा नवी असेल तर ते दिवस जास्त असतात. पहिल्या वर्षात विषाणू अधिक वेळा वर येतो, पुढे हळूहळू कमी होतो, पण थांबत नाही.

हा धोका किती खाली आणता येतो, ते आता पाहू.

कंडोमपासून सुरुवात करतो. अनेकजण म्हणतात, हर्पिसमध्ये कंडोमचा उपयोग नाही, कारण विषाणू मांडीच्या आतल्या बाजूला, वृषणाच्या पिशवीवर, नितंबांवरही असू शकतो आणि तो भाग उघडाच राहतो. अर्धं खरं आहे. पण सर्वांत नाजूक अस्तर आणि सर्वांत जास्त घर्षण जिथे होतं, तो भाग झाकला जातो. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे वेगवेगळे आहेत. सहा अभ्यासांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये काढलेल्या अंदाजात नेहमी कंडोम वापरणाऱ्यांना धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पुढे आफ्रिकेतल्या जोडप्यांमध्ये प्रत्येक संबंधाची नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात पुरुषाकडून स्त्रीला होणारा संसर्ग कंडोमनं नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं दिसलं, स्त्रीकडून पुरुषाला होणारा सुमारे दोन तृतीयांशानं. मला यातला दिशादर्शक भाग महत्त्वाचा वाटतो: जिला जास्त धोका आहे, त्या स्त्रीलाच कंडोमचा फायदा जास्त मिळतो.

यानंतर गोळी. हर्पिसवरचं पहिलं खरं औषध म्हणजे ॲसायक्लोव्हिर. बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत गरट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं काम कसं चालतं ते उलगडलं. एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या औषधातली खुबी अशी, की ते निरोगी पेशीत जवळपास निष्क्रिय राहतं. विषाणूचं स्वतःचं एक विकर आहे; तेच या औषधाला जागं करतं आणि जागं झालेलं औषध विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच तोडतं. म्हणून दुष्परिणाम कमी. पण चेतापेशीत निपचित बसलेला विषाणू वाढतच नसतो, तेव्हा त्याला हे औषध काही करू शकत नाही. हर्पिस ‘मुळापासून’ जात नाही, ते यामुळे. मुळापासून घालवण्याची हमी देणारा कुणीही भेटला, मग तो भिंतीवरच्या जाहिरातीतला असो की मोबाइलवरचा, तर तिथून उठून यावं.

याच औषधाचं सुधारलेलं रूप म्हणजे व्हॅलॅसायक्लोव्हिर. डॉ. लॉरेन्स कोरी यांनी १,४८४ जोडप्यांवर त्याची चाचणी घेतली. २००४ मध्ये ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. या जोडप्यांतल्या निम्म्या बाधित जोडीदारांना रोज ५०० मिलिग्रॅमची एक गोळी आठ महिने दिली. उरलेल्या निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. सगळ्यांना कंडोमही दिले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, औषध घेणाऱ्यांच्या १.९ टक्क्यांना. धोका निम्म्यावर आला. आणि फोडांसह दिसणारा आजार तर २.२ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर, म्हणजे चतुर्थांशाच्याही खाली आला. औषध बाधित माणसानं घ्यायचं आणि संरक्षण दुसऱ्याला मिळायचं, अशी ही व्यवस्था आहे. प्रेमात माणूस दुसऱ्यासाठी काय काय करतो; रोज एक गोळी हे त्या मानानं अवघड नाही.

या चाचणीत निरोगी, भिन्नलिंगी जोडपी होती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. बाधित जोडीदाराला एचआयव्हीचीही लागण असेल, तर ॲसायक्लोव्हिरच्या गोळीनं हर्पिसचा प्रसार रोखला जातो असं आफ्रिकेतल्या चाचणीत दिसलं नाही. अशा जोडप्यांनी कंडोमवर अधिक भर द्यावा. एचआयव्हीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी हवा: दुसऱ्या प्रकारचा हर्पिस असलेल्या माणसाला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो, कारण फोडाच्या जागी एचआयव्हीला हव्या असलेल्या पेशी दाटीनं गोळा झालेल्या असतात आणि फोड बरा झाल्यावरही काही काळ तिथेच राहतात.

उरला संबंध टाळण्याचा नियम. तो पुरेसा नाही हे वर सांगितलं, पण आवश्यक आहेच, कारण फोड असताना विषाणूचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. फोड उठण्याआधी एखाद दिवस त्या जागी मुंग्या येतात, चुरचुरतं, मांडीत किंवा नितंबात कळ येते. तेव्हापासून खपली पडून त्वचा पूर्ववत होईपर्यंत संबंध नको, कंडोमसहही नको. आणि ओठांवर फोड असताना मुखमैथुन नको, कारण पहिल्या प्रकारचा विषाणू त्या वाटेनं जननेंद्रियांवर सहज पोचतो. त्या जागी तो वसला तरी दुसऱ्या प्रकारापेक्षा कमी वेळा उसळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली लागण होऊन दोन महिन्यांनी अशा रुग्णांत १२ टक्के दिवशी विषाणू सापडत होता, अकरा महिन्यांनी ७ टक्के दिवशी. म्हणून डॉक्टरांना ‘कोणता प्रकार?’ हे अवश्य विचारावं. पुढचा धोका किती, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

टॉवेल, संडासाचं भांडं, पोहण्याचा तलाव यांतून हा आजार लागत नाही. शरीराबाहेर विषाणू फार काळ टिकत नाही.

कंडोम, गोळी आणि टाळणं यांच्याइतकंच महत्त्व सांगण्याला आहे. वाल्ड यांच्याच २००६ सालच्या अभ्यासात, नव्यानं लागण झालेल्या लोकांना विचारलं होतं की तुमच्या जोडीदारानं त्याच्या हर्पिसविषयी आधी सांगितलं होतं का. ज्यांना सांगितलेलं होतं, त्यांना लागण व्हायला मध्यकानुसार २७० दिवस लागले. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांना ६०. सांगितल्यानं धोका जवळपास निम्मा झाला, एका गोळीएवढा. कारण साधं आहे. ठाऊक असलं की दोघंही काळजी घेतात, मुंग्या आल्या की एक थांबतो आणि दुसरा कारण विचारत नाही.

आता ज्या घरांत हा प्रश्न खरोखर उभा राहतो, तिथलं बोलू. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली, आणि एक दिवस नवऱ्याला किंवा बायकोला फोड येतात, डॉक्टर हर्पिस सांगतात. पहिला प्रश्न निघतो तो ‘कुणाकडून?’ असा. त्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्र देऊ शकत नाही. पहिला दिसलेला फोड म्हणजे पहिली लागण नव्हे. विषाणू कित्येक वर्षं आधी, लग्नापूर्वीच्या एखाद्या नात्यात शिरलेला असू शकतो आणि आजवर गप्प असू शकतो. तो लक्षणाविना असलेल्या जोडीदाराकडून आलेला असू शकतो, ज्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ओठावरच्या फोडातून आलेला असू शकतो. आधी येऊन गेलेली लक्षणं खाज, बुरशी, गजकर्ण, वस्तऱ्यानं पडलेली चीर म्हणून सोडून दिलेली असू शकतात. हर्पिसचं निदान हा व्यभिचाराचा पुरावा नाही. हे वाक्य डॉक्टरांनी निदान सांगताना त्याच बैठकीत, शक्य तर दोघांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. ते न सांगितल्यामुळे मोडलेल्या संसारांची जबाबदारी विषाणूवर टाकता येणार नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून १९५५ पासून नोंदलेलं आहे. त्याच कलमातून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळण्यात आला. गुप्तरोग मात्र राहिला. कायद्याच्या भाषेत एवढं सरसकट नाव असलं की माणूस सांगण्याऐवजी लपवायला लागतो, आणि लपवलं की धोका वाढतो, हे आकड्यांनीच दाखवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांचा हर्पिस आहे, म्हणजे त्या वयातल्या पाचांतल्या एकाहून जास्त जणांना. एवढ्या माणसांना एका शब्दानं दोषी ठरवता येत नाही.

या आजाराभोवतीची लाज तशी फार जुनीही नाही. अमेरिकेत १९८२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं मुखपृष्ठावर हर्पिसला कलंकाचं चिन्ह म्हणून छापलं, आणि तोवर त्वचेची एक त्रासदायक तक्रार म्हणून पाहिला जाणारा आजार एकदम शाप ठरला. आपल्याकडे मात्र याविषयी सरळ बोलण्याची परंपरा आहे, ती विसरली गेली एवढंच. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक स्वतःच्या खिशाला खार लावून चालवलं. त्यात संततिनियमनावर आणि गुप्तरोगांवर मराठीत, संकोच न करता लिहिलं. अश्लीलतेचे खटले सोसले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. त्या काळी ॲसायक्लोव्हिर नव्हतं, स्वॅबची तपासणी नव्हती. आज दोन्ही आहेत, आणि तरी माणसं शेजारच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात ‘खाजेचं मलम द्या’ म्हणून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणतात आणि फोडांवर चोळतात. स्टेरॉइडनं तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं.

तपासणीविषयी थोडं सविस्तर, कारण इथे पैसाही वाया जातो आणि झोपही. फोड ताजा असेल तेव्हा त्याच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर करणं ही सर्वांत खात्रीची तपासणी. ती विषाणूचा प्रकारही सांगते. फोड येताच दोन-तीन दिवसांत जाण्यात शहाणपण आहे, वाळल्यावर त्यातून काही हाती लागत नाही. ज्याला लक्षण नाही अशा जोडीदाराची रक्ततपासणी करायची तर दुसऱ्या प्रकारासाठीची आयजीजी अँटिबॉडी पाहावी लागते, आणि ती लागणीनंतर बारा आठवड्यांपर्यंत नकारात्मक येऊ शकते. अहवालातला आकडा काठावर असेल, तर तो खोटा होकार असण्याची शक्यता बरीच. दुसऱ्या पद्धतीनं खात्री करून घ्यावी. आयजीएम नावाची तपासणी मात्र या कामासाठी करूच नये. ती नवी लागण आणि जुनी यांत फरक करत नाही, दोन प्रकारांची गल्लत करते. आपल्याकडे गरोदर बाईला सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीत हीच आयजीएम असते. त्या एका ओळीवर गर्भपाताचा विचार करणाऱ्या जोडप्यांना सांगावंसं वाटतं: थांबा, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा, त्या आकड्याला तेवढा अर्थ नाही.

गरोदरपणात खरा धोका कुठे असतो, ते समजून घेतलं तर ही घबराट कमी होईल. आईला हर्पिस जुना असेल, तर तिच्या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचलेल्या असतात. प्रसूतीत बाळाला लागण होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. पण आईला पहिली लागणच शेवटच्या महिन्यांत, प्रसूतीच्या तोंडावर झाली, तर बाळाला संरक्षण मिळायला वेळच उरत नाही आणि धोका ३० ते ५० टक्क्यांवर जातो. नवजात बाळाचा हर्पिस हा जीवघेणा आजार आहे, मेंदूला कायमची इजा करणारा. म्हणजे सर्वांत काळजी घ्यायची ती हर्पिस असलेल्या आईनं नव्हे, तर हर्पिस नसलेल्या पण नवऱ्याला हर्पिस असलेल्या गरोदर बाईच्या घरानं. शेवटचे तीन महिने संबंध टाळावेत, नवऱ्याच्या ओठावर फोड येत असतील तर मुखमैथुनही टाळावं. नवऱ्यानं डॉक्टरांना हे आपण होऊन सांगावं, बायकोनं विचारायची वाट पाहू नये. जिला पूर्वी फोड येऊन गेलेत तिला छत्तिसाव्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर दिलं जातं, आणि कळा सुरू होताना फोड किंवा त्याची चाहूल असेल तर सिझेरियन केलं जातं. आणि बाळ आल्यावर ओठांवर फोड असलेल्या कुणीही, मग ती आजी असो की आत्या, बाळाचा मुका घेऊ नये.

नवी लागण झाली असेल तर लक्षणं साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात: बारीक पाणीदार फोड, ते फुटून झालेल्या दुखऱ्या जखमा, लघवीला आग, जांघेत अवधाण, कधी ताप. पहिल्या खेपेला जास्त त्रास होतो, पुढच्या खेपा सौम्य. लहानपणी पहिल्या प्रकाराची लागण होऊन गेलेली असली, तर दुसऱ्या प्रकाराची लागण टळेलच असं नाही, पण ती आली तर बहुधा कमी त्रासाची येते. आपल्याकडे अनेकांना पहिला प्रकार बालपणातच होऊन गेलेला असतो. आजवर हर्पिस सिम्प्लेक्सवर मान्यताप्राप्त लस नाही. आठ हजारांहून अधिक स्त्रियांवर घेतलेली एक मोठी चाचणी २०१२ मध्ये दुसऱ्या प्रकारासमोर अपयशी ठरली. नवे प्रयत्न चालू आहेत.

लस येईपर्यंत हातात असलेली साधनं कमी नाहीत. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. हर्पिसच्या फोडांसाठी तिथे लाल रंगाचं पाकीट मिळतं. त्यात ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, दिवसातून तीनदा, सात दिवस घ्यायच्या. जोडीदाराच्या संरक्षणासाठी रोजची गोळी हवी असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला तसं स्पष्ट विचारावं. अनेक रुग्णांना असा उपाय असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं. बोलायला संकोच वाटत असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या मोफत दूरध्वनीवर नाव न सांगता विचारता येतं.

आणि तुमच्या जोडीदारानं धीर एकवटून तुम्हाला ही गोष्ट सांगितली, तर कृपा करून ‘कुणाकडून?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘कोणता प्रकार आहे, आणि गोळी सुरू केलीस का?’ हे विचारा. मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.